शाळेची परीक्षा कोण घेणार?

(एका तालुक्याच्या गावी झालेल्या उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पालकांसमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. नव्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश तोंडावर असताना ते पालकांना आणि शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मार्गदर्शक ठरेल.)



आयुष्यातील चौतीस वर्षे मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत काढली. त्यांपैकी अखेरची अकरा वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत गेली. निवृत्त झालो तरी शाळा माणसाला सोडत नाही. एप्रिल-मे महिने आले की रस्त्यात, लग्नकार्यात, देवळाच्या पायरीवर एकच प्रश्न कानी पडतो, "सर, आपल्या गावातली ही शाळा कशी आहे हो?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते. चांगली किंवा बरी. घालावे किंवा घालू नये. आज मी त्या एका शब्दाच्या उत्तराविषयीच बोलणार आहे. कारण ते उत्तर आपण फार घाईने देतो, आणि त्या घाईची किंमत शाळा आणि मुले दोघेही मोजत असतात.

आपल्या महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भाग अनुदानित संस्थांनी उचललेला आहे. संस्था समाजाची, शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून, आणि तिजोरी तुमच्या-माझ्या करातून भरलेली. त्यांच्या जोडीला जिल्हा परिषदांच्या आणि नगरपालिकांच्या माध्यमिक शाळा आहेत. या सर्व शाळा सार्वजनिक आहेत, म्हणजे आपल्या आहेत. म्हणून त्यांचा दर्जा कसा ओळखावा, हा प्रश्न ज्यांची मुले तेथे शिकतात त्यांच्यापुरता मर्यादित राहत नाही. तो साऱ्या गावाचा प्रश्न ठरतो.

फलकावरचा आकडा

शाळा कशी आहे हे ठरवताना आपण काय पाहतो? इमारत पाहतो, गणवेश पाहतो, दारात बस उभी आहे का ते पाहतो. आणि सर्वांत आधी पाहतो तो प्रवेशद्वारावर लावलेला निकालाचा फलक. 'दहावीचा निकाल ९८ टक्के'. आकडा पाहिला की आपले समाधान होते. आकडा खोटे बोलत नाही, अशी आपली श्रद्धा आहे.

या श्रद्धेची थोडी तपासणी करू. आपल्या राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली पुन्हा ९५.३० टक्के झाला, आणि २०२१ साली ९९.९५ टक्के! आता मला सांगा, एका वर्षात राज्यातील सगळ्या शाळा बिघडल्या आणि पुढच्याच वर्षी सगळ्या सुधारल्या, असे घडले काय? शिक्षक तेच होते, वर्ग तेच होते, फळेही तेच होते. बदलले ते नियम. २०१९ साली नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून घेण्यात आले होते. पुढच्या वर्षी ते परत देण्यात आले. त्याच २०२० साली महासाथीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली आणि त्या विषयाचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ साली तर लेखी परीक्षा झालीच नाही. नववी आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावावा लागला.

यात मंडळाला दोष देण्याचा हेतू नाही. प्रत्येक निर्णयामागे त्या त्या वेळची कारणे होती. मुद्दा इतकाच की, निकालाच्या टक्केवारीत शाळेच्या कर्तृत्वाखेरीज पुष्कळ काही मिसळलेले असते. ज्या राज्यात बहुतेक शाळांचा निकाल नव्वदीच्या पुढे आहे, तेथे ९४ टक्क्यांची शाळा आणि ९८ टक्क्यांची शाळा यांत त्या चार टक्क्यांवरून निवड करणे म्हणजे वजनकाटा न पाहता भाव ठरवण्यासारखे आहे.

माझ्या शंभर टक्क्यांची गोष्ट

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षे लागली.

१९९८ सालच्या मार्चमध्ये आमच्या शाळेतून दहावीला ७१ मुले बसली आणि ७१ मुले उत्तीर्ण झाली. शंभर टक्के! त्या काळात ग्रामीण शाळेला शंभर टक्के निकाल ही मोठी अपूर्वाई होती. गावात पेढे वाटले गेले. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आम्हा शिक्षकांचा सत्कार केला. मी तेव्हा पर्यवेक्षक होतो आणि नववीच्या निकालाचे काम माझ्याकडे होते. शाल माझ्याही खांद्यावर पडली.

त्या सत्कारात एक प्रश्न कोणी विचारला नाही. आदल्या वर्षी नववीच्या दोन तुकड्यांत मिळून मुले होती १०४. मग दहावीला ७१ कशी? उरलेली ३३ कुठे गेली?

मी सांगतो कुठे गेली. काही परगावी गेली, काहींनी खरोखरच शाळा सोडली. पण त्यांतील मोठी संख्या आम्हीच गाळली होती. गणितात आणि इंग्रजीत जी मुले काठावर होती त्यांना नववीत नापास केले. पालकांना बोलावून सांगितले, "मुलाचा आवाका नाही, शाळेत ठेवून वर्ष वाया घालवण्यापेक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." पालक बिचारे मान डोलावत. शिकलेले मास्तर सांगतात म्हणजे बरोबरच असणार! बाहेरून बसलेल्या मुलांचा निकाल शाळेच्या फलकावर येत नाही. फलक स्वच्छ राहतो.

ज्यांना शाळेची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनाच आम्ही शाळेबाहेर काढले आणि त्या कामाला 'गुणवत्ता' असे नाव दिले. हे मी इतरांचे दोष दाखवण्यासाठी सांगत नाही. त्या यादीवर माझ्या हातची टिपणे होती, म्हणून सांगतो.

तेव्हा निकाल जरूर विचारा, पण सोबत आणखी दोन आकडे विचारा. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले होती? त्यांपैकी किती मुले या शाळेतूनच दहावीला बसली? आणि मधल्या मुलांचे काय झाले? बदली, स्थलांतर अशी रास्त कारणे असू शकतात. पण ज्या मुख्याध्यापकाला गेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि कारण सांगता येते, ती शाळा निकाल ८५ टक्के असूनही जिवंत आहे. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्या शंभर टक्क्यांकडे जरा सावधपणे पाहावे.

मूल कुठून निघाले?

दुसरी गोष्ट. शाळेची उंची मोजताना आपण मूल कुठे पोहोचले एवढेच पाहतो. ते कुठून निघाले हे पाहत नाही.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांच्या परीक्षेतील यशात जो फरक दिसतो त्याचा फार मोठा भाग शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी निगडित असतो, असे त्यात दिसून आले. त्या अहवालावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण एक शहाणपण त्यातून शिल्लक राहिले, आणि आपल्या आजी-आजोबांना ते अहवालाशिवायही ठाऊक होते. ज्या घरात पुस्तके आहेत, आई-वडील शिकलेले आहेत, संध्याकाळी अभ्यासाला बसवणारे कोणी आहे, त्या घरचे मूल बहुतेक शाळांत पुढे जाते.

शहरातील एखाद्या नामांकित शाळेत डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची मुले येतात. त्यांना शिकवण्या आहेत, घरी इंटरनेट आहे, दहा वाजता दूध आणि बदाम आहेत. त्यांना ९० टक्के गुण मिळाले तर त्यात शाळेचे किती आणि घराचे किती? उलट आपल्या बीड-अहिल्यानगरकडील एखादी माध्यमिक शाळा घ्या. दिवाळी झाली की आई-वडील कोयते घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. मूल सोबत गेले तर त्याचे अर्धे वर्ष बुडते. अशा ठिकाणी जो शिक्षक ऑक्टोबरातच पालकांच्या दारी जातो, मुलाला आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायला लावतो आणि ते मूल ५५ टक्क्यांनी दहावी उत्तीर्ण होते, त्या ५५ टक्क्यांत शाळेचे योगदान किती मोठे आहे! पण वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते ९० टक्क्यांचे.

म्हणून शाळेला विचारायचा खरा प्रश्न असा आहे : जे मूल तुमच्याकडे मागे पडलेले आले, त्याला तुम्ही किती पुढे नेले? हुशार मुलांना हुशार ठेवणे हे फार मोठे काम नव्हे. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे काय झाले, त्यावर शाळेचा दर्जा ठरतो.

ही शेवटच्या बाकाची गोष्ट लहान नाही. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत २०२३ साली २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासण्यात आले. सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्यापेक्षा कमी मुलांना जमले. ही बहुतेक मुले शाळा-महाविद्यालयांच्या पटावर आहेत! ती रोज हजेरीला 'उपस्थित' म्हणतात आणि बीजगणिताच्या तासाला गप्प बसतात. त्यांना भागाकार येत नाही हे ओळखून, लाज न वाटू देता तो शिकवणारी माध्यमिक शाळा ही माझ्या दृष्टीने उत्तम शाळा आहे.

एका साध्या मंगळवारी

आता आपण विचाराल, हे सगळे सामान्य पालकाला कसे कळावे? त्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. एक तास लागतो. मात्र तो तास स्नेहसंमेलनाचा किंवा ध्वजवंदनाचा नसावा. त्या दिवशी प्रत्येक शाळा सुंदर असते. एखाद्या साध्या मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या थोडे आधी, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन जा.

प्रथम वह्या पाहा. हुशार मुलाची वही शिक्षक स्वतःच काढून दाखवतील. आपण नम्रपणे तिसऱ्या-चौथ्या बाकावरची वही मागा. ती तपासलेली आहे का? केवळ सही आहे, की चूक दाखवून दुरुस्ती करून घेतलेली आहे? 'माझा आवडता ऋतू' हा निबंध चाळीस वह्यांत शब्दशः सारखा असेल, तर त्या वर्गात मराठी शिकवली जात नाही, उतरवून दिली जाते.

मग प्रयोगशाळेत डोकावा. काचेच्या कपाटाला कुलूप आहे आणि आत धुळीचा थर आहे, की दोन-चार परीक्षानळ्या फुटलेल्या आहेत? फुटलेली परीक्षानळी पाहून मला आनंद होतो. याचा अर्थ ती कुणाच्या तरी हातात गेली होती. प्रयोगवही पाहा. घनता काढण्याच्या प्रयोगात तीसही मुलांचे उत्तर दशांशापर्यंत एकच असेल, तर प्रयोग कुठे झाला हे समजून घ्या.

ग्रंथालयात पुस्तके किती हे विचारू नका. देवघेवीची नोंदवही मागा. गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? पाच हजार पुस्तकांचे बंद कपाट असण्यापेक्षा तीनशे फाटकी पुस्तके मुलांच्या दप्तरात असलेली बरी.

मातांना माझी विशेष विनंती आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जरूर जा. ते आहे की नाही, एवढे कागदावर कळते. पण दाराला आतून कडी आहे का, पाणी आहे का, की त्याला कुलूप लावून किल्ली कार्यालयात ठेवली आहे, हे आईलाच दिसते. आठवी-नववीच्या मुली महिन्यातून चार-चार दिवस गैरहजर का राहतात, याचे उत्तर पुष्कळदा त्या कडीपाशी सापडते.

आणि शेवटी शिक्षक. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे विचारा. गणित-विज्ञानाचे पद रिकामे असेल आणि तो तास चित्रकलेचे शिक्षक सांभाळत असतील, तर त्यात त्या शिक्षकांचा दोष नाही. पण आपल्या मुलाचे विज्ञान रिकामे आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. शिक्षकांच्या खोलीत बोलणे कशाविषयी चालते, तेही कानावर येईल. मुलांची नावे घेऊन बोलणारे शिक्षक असतात आणि 'ही पोरे' म्हणणारेही असतात. तेवढ्यावरून पुष्कळ कळते.

याशिवाय काही माहिती घरबसल्या मिळते. प्रत्येक शाळेला 'युडायस'चा अकरा अंकी क्रमांक असतो. पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती शाळेनेच त्या प्रणालीत भरलेली असते. कागदावरचा पट आणि वर्गातला पट एक आहे का, हेही पाहावे. २०११ सालच्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची कितीतरी नावे वर्गात सापडलीच नव्हती, हे आपण विसरता कामा नये.

शाळेत येणाऱ्या पालकाला आपण पूर्वी 'तक्रारखोर' म्हणत असू. मुख्याध्यापक म्हणून मीही म्हटले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या अनुदानित आणि शासकीय शाळांना शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. अनुदानित शाळेत या समितीचे काम सल्ल्यापुरते आहे हे खरे. पण जागरूक पालकांचा सल्ला डावलणे कोणत्याही संस्थेला सोपे नसते. आपल्यापैकी किती जण त्या समितीच्या बैठकीला गेले आहेत? हात वर करू नका. मला उत्तर माहीत आहे.

आपला निर्णयच शाळा घडवतो

येथे एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. दुकानातला माल चांगला की वाईट हे आपण ठरवतो, तेव्हा आपल्या मताने माल बदलत नाही. शाळेचे तसे नाही. गावात एक कुजबुज सुरू होते, 'त्या शाळेत आता काही राहिले नाही.' चार सुस्थितीतील घरे मुले काढून शहराच्या बसमध्ये बसवतात. त्यांच्या मागे आणखी दहा. पट घटला की तुकडी घटते. तुकडी घटली की संचमान्यतेत पद घटते. शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडे जातो. बहुधा जातो तो उमेदीचा, शेवटी लागलेला तरुण शिक्षक. मग विषय रिकामा पडतो. आणि दोन वर्षांपूर्वी जी कुजबुज खोटी होती, ती खरी ठरते! १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा लहान पटाच्या शाळांमध्ये केवढी चिंता पसरली, हे आपण पाहिलेच आहे.

या चक्रात शेवटी शाळेत उरतो कोण? ज्याच्याकडे बसचे पैसे नाहीत तो. ज्यांचा आवाज संस्थेपर्यंत आणि शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला असता, ती घरे आधीच बाहेर पडलेली असतात.

म्हणून मी कुणावर बंधन घालत नाही. आपल्या मुलाचे हित पाहणे हा प्रत्येक आई-बापाचा धर्मच आहे. शाळा खरोखर वाईट असेल आणि सुधारण्याची इच्छाही तेथे नसेल, तर मुलाला केवळ निष्ठेपोटी तेथे ठेवा असे मी सांगणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, कुजबुजीवर निर्णय घेऊ नका. इंग्रजी पाटी हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, तशी मराठी पाटी हाही गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे मातृभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या मलाही मान्य केले पाहिजे. पाटीच्या आत जा आणि पाहा.

आपल्या पूर्वजांनी शाळा पाहण्यासाठी नव्हे, उभारण्यासाठी कष्ट घेतले. १८८० साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा या तरुणांना सरकारी नोकरीचे दरवाजे बंद नव्हते. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेचे रोप लावले. पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या मुखात घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ती मुले त्यांच्या नात्यागोत्याची नव्हती. समाजाचे मूल ते माझे मूल, ही ती भावना होती. आज आपल्याकडे कोणी दागिने मागत नाही. वर्षातून एक तास मागितला जातो आहे.

"दोनदा गेले ना, सर?"

शेवटी माझ्या गोष्टीकडे परत येतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाजारपेठेत एका टेम्पोवाल्याने टेम्पो थांबवला आणि उतरून वाकून नमस्कार केला. मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले आणि माझ्या छातीत धस्स झाले. १९९७ च्या त्या यादीतले ते नाव होते. १७ नंबरचा फॉर्म त्याने भरला होता, पण परीक्षेला तो बसलाच नाही. पुढे क्लीनर झाला, मग चालक, आता स्वतःचा टेम्पो आहे. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो म्हणाला, "सर, थोरली पोरगी सातवीत आहे. जूनमध्ये आठवीला घालायचीय. कुठल्या शाळेत घालू? तुमच्याइतकं कोणाला कळतंय?"

तुमच्याइतके कोणाला कळते! मला त्याच्याकडे पाहवेना. मी म्हटले, "अरे, मी सांगून घालू नकोस. आपण दोघे मिळून पाहू."

आम्ही डिसेंबरातल्या एका मंगळवारी गावातल्याच अनुदानित शाळेत गेलो. ती काही आदर्श शाळा नव्हती. विज्ञानाचे पद दोन वर्षे रिकामे होते. ग्रंथालय एका कपाटाचे होते. पण त्या कपाटाची नोंदवही भरलेली होती. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी होती. आणि शाळा भरण्याच्या आधी पाऊण तास, व्हरांड्यात सतरंजीवर, गणिताच्या बाई नववीच्या अकरा मुलांना भागाकार शिकवत होत्या. त्या तासाची नोंद कोणत्याही वेळापत्रकात नव्हती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मी गप्प बसलो. प्रश्न त्यानेच विचारला. रस्त्यात मी त्याला ते दोन आकडे समजावून सांगितले होते. तो म्हणाला, "सर, मागल्या वर्षी दहावीला बसलेली मुलं आठवीत किती होती?" मुख्याध्यापकांनी जराही न रागावता रजिस्टर उघडले. आठवीत ६२. दहावीला बसली ५९. दोन मुले बदलीने गेली होती, त्यांच्या दाखल्यांच्या नोंदी होत्या. तिसरी एक मुलगी होती. तिचे लग्न ठरवून घरच्यांनी शाळा सोडवली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "तिच्या घरी दोनदा गेलो. नाही जमलं." आणि त्यांनी मान खाली घातली.

माझा विद्यार्थी क्षणभर थांबला. मग त्याने विचारले, "दोनदा गेले ना, सर?" त्यांनी होकार दिला. "मग माझी पोरगी इथंच येईल."

बाहेर आल्यावर तो टेम्पोकडे गेला आणि मी कितीतरी वेळ त्या फाटकापाशी उभा होतो. माझ्या चौतीस वर्षांत मला हा प्रश्न कोणत्याही पालकाने विचारला नव्हता. १९९८ साली, त्या सत्काराच्या दिवशी, गर्दीतल्या एका जरी माणसाने उठून विचारले असते, "मास्तर, उरलेली तेहतीस कुठे आहेत?" तर पुढच्या वर्षीची यादी करताना माझा हात थांबला असता. न विचारल्याने आमचे फावले.

त्या शाळेच्या विज्ञानाच्या रिकाम्या पदासाठी आता चाळीस पालकांच्या सह्यांचे निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले आहे. पहिली सही टेम्पोवाल्याची आहे. पद अजून भरलेले नाही, पाठपुरावा चालू आहे. जूनपर्यंत दोन निवृत्त शिक्षक आठवड्यातून तीन दिवस विनामूल्य तास घेत आहेत. त्यांतील एक आपल्यासमोर उभा आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, शाळा मुलांची परीक्षा घेते, आणि शाळेची परीक्षा समाजाने घ्यायची असते. ती घेताना हातात छडी नको, आणि डोळ्यांवर पट्टीही नको. येत्या जूनमध्ये, आपले मूल त्या शाळेत असो वा नसो, आपल्या गावातल्या शाळेत एक तास जा. वही पाहा, कडी पाहा, नोंदवही पाहा. आठवीत किती होती आणि दहावीला किती बसली, हे विचारा. आणि जे उणे दिसेल त्याची चर्चा कट्ट्यावर न करता, ते भरून काढायला आपल्याला काय करता येईल, हे मुख्याध्यापकांनाच विचारा.